तुझ्या ओळखीतला तो माणूस

दादा, पतसंस्थेचा माणूस तुझ्या बाराव्याला जेवून गेला. पंगतीत नीट मांडी घालून बसला, वडे घेतले, काळ्या वाटाण्यांची आमटी परत मागून घेतली. हात धुऊन झाल्यावर माझ्याजवळ आला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ताई, हा प्रसंग नाही, पण मास्तरांना एकदा येऊन भेटायला सांगा. दादांच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही आहे ना त्यांची."

"कुठल्या मास्तरांची?" मी विचारलं.

तो ओशाळला. "तुमच्याच," म्हणाला.

हे मांडवाच्या कडेला खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि मान खाली घातली. गावातून आम्ही रत्नागिरीला परत निघालो. हातखंब्याला चहाला थांबलो तेव्हा कपाकडे बघत म्हणाले, "दादांनी देवीची शपथ घातली होती. सुमीला सांगू नका म्हणाले. ती वकील आहे, सही करू देणार नाही."

बरोबर ओळखलंस. नसतीच करू दिली.

आयुष्यभर शाळेत पोरांना खोटं बोलू नका सांगणारा हा माणूस तुझ्या शपथेपायी माझ्याशी गप्प राहिला. त्यांचा राग मी त्यांच्यावर काढला, भांडून झालं, दोन वेळा न जेवता झालं. ते समोर आहेत, त्यांच्याशी भांडता येतं. तुझं काय करू? तुझ्या फोटोला हार घातलाय वहिनीने आणि त्यात तू असा हसतोयस की जणू आत्ताच ओल्या काजूंची पिशवी पायरीवर ठेवलीस.

त्या पायरीवरच बसायचास तू. रविवारी सकाळी तुझ्या जांभ्या चिऱ्याच्या खाणीवरून उतरून यायचास, पाय लालभडक, आणि काही केल्या पडवीच्या फरशीवर पाऊल ठेवायचा नाहीस. "लादी खराब होईल गो," म्हणायचास. मी म्हणायचे, अरे, तुझीच धूळ आहे, तुझ्याच चिऱ्यांचं घर आहे हे. खरंच होतं ते. आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा एकेक चिरा तू स्वतः निवडलास. नखाने खरवडून बघायचास, दुसऱ्या चिऱ्यावर आपटून आवाज ऐकायचास, आणि बद्द वाजला की बाजूला फेकायचास. पैशाचं विचारलं तर म्हणालास, "भयणीच्या घराचे पैसे घेतले तर माझी खाण बुजेल." गवंडीही म्हणाला होता की असा माल बाजारात मिळायचा नाही. पावसाळे गेले, एका भिंतीला ओल नाही. मी त्या भिंतींकडे बघते आणि मला कळत नाही की तुला काय म्हणावं.

कारण आता त्याच भिंतींवर पतसंस्थेचा डोळा आहे. तुझ्यामुळे.

पायरीवर बसून चहा घेताना तू मला प्रश्न विचारायचास. "माझ्या ओळखीतला एक माणूस हाय," अशी सुरुवात. कोर्टात मला दिवसभर लोक तेच प्रश्न विचारतात आणि प्रत्येकाचा एक ओळखीतला माणूस असतो, आणि तो बहुतेक वेळा ते स्वतःच असतात, हे मला ठाऊक आहे. पण तुझ्या बाबतीत तसं वाटलं नाही, कारण तू खरोखरच गावाचा माणूस होतास. गावात गाऱ्हाणं घालायचास तू. शिमग्यात देवीची पालखी दारोदार फिरायची तेव्हा प्रत्येक अंगणात उभा राहून त्या घराचं दुखणं तूच देवीला मोठ्याने सांगायचास. कुणाच्या पोराला नोकरी नाही, कुणाच्या जमिनीचा वाद, कुणाला बँकेची नोटीस. लोक आदल्या दिवशी येऊन तुझ्या कानात सांगायचे. मग तू ते असं मांडायचास की त्या माणसाची अब्रूही राहायची आणि देवीला कळायचंही. माझ्यापेक्षा चांगला वकील होतास. म्हणून मला वाटलं, असेल कोणीतरी गावातला, दादाच्या कानाशी लागलेला.

"त्या माणसाला कर्ज फेडता आलं नाय तर आत टाकतात काय गो?"

"नाही रे. फेडायची ऐपत नाही म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. पैसे असून दडवले, लबाडी केली, तर गोष्ट वेगळी."

"आणि तो मेला तर? बायकोच्या डोक्यावर येतं?"

"त्याने जे मागे ठेवलंय तेवढ्यापुरतं. तिच्या स्वतःच्या मालकीचं त्यात जात नाही."

तू मान डोलवायचास. चहाचा कप स्वतः विसळून पालथा घालायचास. मग पुढच्या रविवारी पुढचा प्रश्न.

आपलं खरं भांडण झालं ते नादारीवरून. मी म्हटलं होतं, तुझ्या त्या माणसाला सांग, कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज कर. जे आहे ते कोर्टापुढे ठेवायचं, कोर्ट ते घेणेकऱ्यांत वाटतं, आणि पुढे कोर्टाने मुक्त केलं की माणूस पुन्हा मान वर करून जगू शकतो. इंग्रजांच्या काळातला कायदा आहे, आमच्या इथे फार कोणी वापरत नाही, पण आहे. तू एकदम चिडलास. इतका चिडलास की मला हसू आलं.

"नादार म्हणून नाव लागलं की त्या माणसाने गावात उभं कसं राहायचं?"

"पायांवर," मी म्हटलं.

"तुला चेष्टा सुचते. मानाचा नारळ कोण देईल त्याच्या हातात? दुसऱ्याचं गाऱ्हाणं कुठल्या तोंडानं घालील तो?"

दादा, हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. गावात गाऱ्हाणं घालणारा एकच माणूस होता. समोर लाल पायांनी बसलेला. आणि कुळथाचं पिठलं करपतंय का ते बघायला उठून आत गेले.

मी बाहेर येऊन पुन्हा सांगितलं की देवीला काय, ती हिशेब विचारत नाही, आणि ज्याने सगळं उघड केलं त्याला गावाने नावं ठेवली तर ते गाव गाढव. तू म्हणालास, "तू शहरात ऱ्हातंस, तुला नाय कळायचं." मी म्हटलं, रत्नागिरी शहर कधीपासून झालं? तिथे भांडण थांबलं, मिटलं नाही. मला अजूनही वाटतं मी बरोबर होते. आता तर जास्तच वाटतं.

मग तो रविवार. तू विचारलंस, "त्या माणसानं घर बायकोच्या नावानं केलं तर ऱ्हाईल काय?"

आणि मी शहाणी, मी तुला सगळा कायदा सांगितला. बक्षीसपत्र करता येतं. पण घेणेकऱ्यांना बुडवायला केलंय असं दिसलं तर ते कोर्टात जाऊन ते रद्द करून मागू शकतात. आणि नादारीचा अर्ज करायचा असेल तर मुळीच करू नको म्हणावं, कारण अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत असं फुकट कोणाला काही दिलं असेल तर ते कोर्ट परत ओढून घेऊ शकतं.

"दोन वर्षं," तू म्हणालास. एवढंच. पिशवी उचललीस आणि गेलास.

बाराव्यानंतर वहिनीला भेटायला गेले तेव्हा ती चुलीपाशी बसून सहज बोलून गेली, "घराची काळजी नाय वन्सं. घर माझ्या नावावर केलंन त्यांनी, लांज्याला नेऊन सह्या घेतल्यान." मी विचारलं, कधी? तिला तारीख आठवेना, पण आदल्या आठवड्यात भावकीतल्या कोणाचं तरी लग्न झालं होतं, ते आठवत होतं. त्या लग्नाला मीही होते. म्हणजे तो रविवार आणि ते बक्षीसपत्र यांत पंधरा दिवसही नव्हते. वकीलही असा शोधलास की जो मला ओळखत नाही.

मी चुलीपाशीच डोळे पुसत बसले. वहिनीला वाटलं मी तुझ्या आठवणीने रडतेय. तिने मला पाणी दिलं.

तू माझंच उत्तर घेऊन गेलास आणि त्याने माझंच घर उघडं टाकलंस. दोन वर्षं तुला काढायची होती, म्हणून तू थांबलास. खाणीत खाली चिरा संपून माती लागली होती, लोक सिमेंटचे ठोकळे घ्यायला लागले होते, दगड कापायची मशीन गंजत होती, आणि तू कुठून कुठून गोळा करून थोडं थोडं व्याज भरत राहिलास, पतसंस्थेने दारात येऊ नये म्हणून. ती नोटिसा पाठवत होती, त्या मास्तरांना कधी मिळाल्या नाहीत. कशा मिळतील? जामीनदाराचा पत्ता म्हणून तू स्वतःच्या घराचा पत्ता दिला होतास. हे मला तो वसुलीवालाच म्हणाला, त्याला वाटलं मास्तर गावातच राहतात. तुझं घर त्या दोन वर्षांत पक्कं झालं आणि आमच्यावरचा बोजा तेवढा वाढला. दादा, असा विचार करायला डोकं लागतं. तुला ते होतं हे मला ठाऊक नव्हतं. तू मला शिकवायला म्हणून आपलं शिक्षण सोडलंस, सगळ्या गावाला सांगत फिरायचास की डोकं सुमीला दिलंन देवानं, मला नुसते हात दिलेत. मला कॉलेजला जायला एसटीचा पास काढून द्यायचास. माझा पहिला काळा कोट तुझ्या पैशाचा. ते खोटं नव्हतं ना? एवढंच मला कुणीतरी सांगावं, कारण आता तुझं कुठलं खरं धरायचं तेच समजेनासं झालंय.

शेवटचा रविवार मी विसरूच शकत नाही. पायरीवर बसलास. दम लागलेला दिसत होता, मी म्हटलंही की एकदा छाती दाखवून ये. तू हात झटकलास. म्हणालास, "आता त्या माणसानं अर्ज केला तर चालेल ना? मुदत होत आलीय." मला किती बरं वाटलं. म्हटलं, आलं का शेवटी शहाणपण. कर म्हणावं, मी स्वतः अर्ज लिहून देते, फी नको.

मग तू विचारलंस, "तो नादार झाला की जामीनदार सुटतो काय?"

"नाही रे," मी म्हटलं. "सगळ्यांचा हाच गैरसमज. आधी कर्जदाराला धरा, मग जामीनदाराला, असं कायदा म्हणत नाही. पतसंस्था दोघांतल्या कोणालाही धरू शकते. आणि कर्जदार सुटला तरी जामीनदार सुटत नाही, उलट मग सगळं त्याच्याच गळ्यात."

त्या वेळी हे किटली घेऊन बाहेर आले होते. तुझा कप रिकामा होता, तो त्यांनी भरला. तू त्यांच्याकडे बघितलंस, आणि मग अंगणाकडे बघत म्हणालास, "बिचारा."

मी रात्री जागी होते तेव्हा हा एक शब्द ऐकते. त्यात दया होती, हे मी मान्य करते. पण दया वाटूनही तू चहा संपवलास, कप विसळलास, आणि निघून गेलास. त्यानंतर तीन आठवड्यांत वर सड्यावर, खाणीच्या त्या उघड्या कातळावर, मशीनच्या सावलीत तू गेलास. अर्ज राहिला. सांगायचं राहिलं. का सांगणारच नव्हतास? हा प्रश्न मी कोणाला विचारू?

मला दावा तयार करायला एक दुपार पुरे, दादा. बक्षीसपत्र रद्द करून मागायचं, मास्तरांनी भरलं की तुझ्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून ते वसूल करायचं. कायदा माझ्या बाजूने आहे. पण प्रतिवादी म्हणून वहिनीचं नाव लिहायचं. तिचं नाव लिहायला पेन उचलला की मला ती पाण्याचा तांब्या घेऊन समोर दिसते. नाही लिहिलं तर ह्यांची पेन्शन आणि हे घर. ह्या वयात भाड्याच्या खोलीत जायचं आणि तुझे चिरे दुसऱ्याला विकायचे. असा तू मला मधे उभं करून गेलायस.

मग शिमगा आला. तुझं सुतक फिटलं होतं, पालखी तुझ्या अंगणात आली. मी जाणार नव्हते. वहिनीचा फोन आला, "माहेरवाशीण नसली तर ओटी कोण भरेल?" म्हणून गेले. ढोल वाजले, पालखी नाचली, तुझ्या जागी गुरवांचा थोरला उभा राहिला. त्याचा आवाज बारीक. तुझं ऐकलेल्या कानांना ते पटत नव्हतं. लोक एकमेकांकडे बघून हळूच डोळे पुसत होते. मला गेल्या शिमग्यातला तू आठवलास. ह्याच अंगणात माझ्याकडे हात करून म्हणाला होतास, "ही तुझी माहेरवाशीण हाय म्हाराजा, हिच्या घरावर कुणाचा वाकडा डोळा पडू देऊ नको म्हाराजा." आणि सगळ्या गावाबरोबर मीसुद्धा म्हटलं होतं, व्हय म्हाराजा. त्याच्या खूप आधी ह्यांची सही तुझ्या खिशात होती. देवीसमोर उभं राहून तू हे कसं बोललास? का तुला खरंच वाटलं होतं की तिला सांगितलं म्हणजे ती बघून घेईल, मला सांगायची गरज नाही? तुला तसंच वाटलं असणार. तू तसाच होतास.

गुरवाने विचारलं, "ताई, तुमचं काय घालू?"

मी त्याच्या कानात सांगितलं. तो मागे सरकला. "असं कसं बोलू ताई. माणूस गेलेला. त्याच्याच अंगणात."

"मग मी बोलते," मी म्हटलं.

बाईने गाऱ्हाणं घालायची आपल्याकडे रीत नाही. पण कोणी अडवलं नाही, कदाचित माझा चेहरा बघून. मी कोर्टात बोलते तशा आवाजात बोलले, कारण दुसरा आवाज मला येत नाही. म्हटलं, "आई म्हाराजा, माझ्या भावाने माझ्या नवऱ्याची सही घेतली आणि मला सांगितलं नाही, म्हाराजा. आपलं घर वाचवलं आणि माझं घर पणाला लावलं, म्हाराजा. त्याने मला फसवलं, म्हाराजा. आणि मला त्याची आठवण येते, म्हाराजा. ह्यातून वाट दाखव, म्हाराजा."

पालखीचे भोई खाली बघत होते. ढोलवाल्याने टिपरू ढोलावर टेकवून धरलं होतं. तुझ्या नावाची लाज वाटत होती सगळ्यांना, आणि माझीही. मला वाटलं, आता इथून चालत जावं आणि पुन्हा या गावात यायचं नाही.

तेव्हा दारातून आवाज आला. उंबऱ्याच्या आत, भिंतीला धरून वहिनी उभी होती. मोठ्याने म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मग सगळे म्हणाले.

पालखी पुढच्या घरी गेली. मी ओटीचे तांदूळ आवरत होते. वहिनी माझ्या शेजारी येऊन बसली आणि बराच वेळ सुपातले तांदूळ उगाच बोटाने इकडून तिकडे करत राहिली.

"वन्सं, एक इचारायचं हाय," ती म्हणाली. "मास्तरांच्या सहीच्या जागी माझं घर तारण म्हणून कसं लावायचं? उद्या मी रत्नागिरीला येतंय, ता मला समजावून सांगा."

मी हातातले तांदूळ खाली ठेवले.

"कुणा ओळखीच्याचं नाय हां," ती म्हणाली. "माझंच हाय."

दादा, हा प्रश्न तू विचारायचा होतास.